नव्या बाईंची पहिली तीन वर्षं

जून लागला की घरोघरी एकच धांदल असते. वह्यांना कव्हरं घालायची, रेनकोट शोधायचा, गेल्या वर्षीचा गणवेश खाली सोडून होतोय का ते बघायचं. पहिलीत जाणारं पोर रडेल का, वर्गात बसेल का, याची काळजी तर आठवडाभर आधीच सुरू होते. पण मैत्रिणींनो, त्याच दिवशी शाळेच्या फाटकातून आणखीही कुणीतरी पहिल्यांदा आत पाऊल टाकत असतं, याचा विचार आपण कधी केलाय का? ती असते नवी बाई. खांद्याला पर्स, हातात नेमणुकीचा कागद आणि पोटात भलामोठा गोळा. तिच्याबरोबर फाटकापर्यंत सोडायला कुणी आलेलं नसतं.

शिक्षकांविषयी आपल्याकडे बोललं फार जातं. ‘पगार घेतात आणि सुट्ट्या भोगतात’ असं म्हणणारेही असतात आणि ५ सप्टेंबरला हार घालणारेही असतात. मात्र नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एखाद्या तरुण शिक्षिकेचं काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळाच्या आणि बचत गटांच्या कामामुळे माझी वाड्यावस्त्यांवर ये-जा असते. त्यातून अशा कितीतरी मुली ओळखीच्या झाल्या. बीड, लातूर, सोलापूर, जळगाव, कुठून कुठून आलेल्या. त्यांचं बघून, ऐकून जे समजलं ते आज सांगायचं आहे.

नोकरी लागली, पण...

आधी ही नोकरी मिळते कशी ते बघू. डी.एड. व्हायचं, मग शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी द्यायची. आपल्या राज्यात ही परीक्षा २०१३ पासून सुरू झाली. त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि मग ‘पवित्र’ पोर्टलवरची निवड. ऐकायला सोपं वाटतं. पण ही अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये! मधली पाच वर्षं मुलींनी काय करायचं? कुणी खासगी शाळेत चार-पाच हजारांवर राबल्या, कुणी शिकवण्या घेतल्या, कुणाची लग्नं उरकून टाकली गेली.

बरं, निवड झाली म्हणजे लगेच पूर्ण पगार सुरू होतो असंही नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करायचं, सेवा समाधानकारक झाली की मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला दहा वर्षांहून अधिक काळ महिना ६ हजार रुपये मिळत होते. २०२३ मध्ये ते १६ हजार झाले. माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार. वाढ चांगलीच झाली, नाही म्हणायचं कारण नाही. पण काम मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण शिक्षकाचंच असतं. मुलांना कुठे माहीत असतं की आपल्या बाई अजून ‘सेवक’ आहेत म्हणून!

लातूरकडच्या एका मुलीचा हिशेब तिनेच मला वहीत मांडून दाखवला होता. खोलीभाडं अडीच हजार, एसटी आणि वडापचे दीड हजार, किराणा-गॅस साडेतीन हजार, आणि घरी पाठवायचे पाच हजार, कारण धाकट्या भावाचं शिक्षण चालू. उरले साडेतीन हजार. त्यात मोबाइलचा रिचार्ज, आजारपण, दिवाळीला गावी जाण्याचं भाडं आणि वर्गासाठी आणलेले कार्डशीट, स्केचपेन. ‘‘काकू, नोकरी लागली म्हणून गावात पेढे वाटले, आणि मी इथे महिनाअखेरीला खिचडी खाते,’’ ती हसत म्हणाली. त्यातही पहिलं मानधन हातात पडायला कागदपत्रांच्या घोळात चार महिने गेले होते. ते चार महिने तिने कसे काढले असतील?

गडगा, पऱ्या आणि पाखाडी

ही मुलगी २०२४ च्या भरतीत आमच्याकडे आली. वय अठ्ठावीस. शाळा डोंगरातल्या वाडीवर. रस्त्यापासून पाऊण तास पायवाट, मध्ये एक साकव. पटावर अकरा मुलं आणि चार इयत्ता.

आली ती ऐन पावसात. लातूरच्या मुलीने असा पाऊस जन्मात बघितला नव्हता. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, चपलांना बुरशी, वह्या सर्द. वाटेवर फुरसं निघालं तेव्हा तर तिने दोन दिवस शाळेपर्यंत सोबत शोधली. जेवणाचंही तसंच. तिला हवी ज्वारीची भाकरी, आणि आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ भात. येताना आणलेलं ज्वारीचं पीठ तिने पुरवून पुरवून वापरलं.

त्याहून अवघड होती भाषा. मराठी ती आणि मराठीच आम्ही. पण ती म्हणायची ‘लेकरांनो’ आणि मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. मुलं म्हणायची ‘पऱ्याला पानी आलाय’, आणि हिला पऱ्या म्हणजे ओढा हे ठाऊकच नाही. गडगा म्हणजे दगडाचा बांध, पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, हे कुठल्या डी.एड. कॉलेजात शिकवतात? पहिलीतली एक मुलगी तर महिनाभर तोंडातून शब्द काढीना. बाईंना वाटलं, हिला ऐकू येत नसावं. शेवटी वाडीवरच्या अंगणवाडी सेविकेने उलगडा केला, ‘‘बाय, ती घरात पटापटा बोलते. तुजा बोलना तिला नवीन हाय. आनि पोरं तुज्या बोलन्याला हसतायत, तुला नाय. घाबरू नको गो.’’

हे शेवटचं वाक्य तिच्या फार उपयोगी पडलं. दुसऱ्या दिवसापासून तिने मुलांनाच आपले ‘गुरुजी’ केलं. रोज पाच शब्द तुमचे, पाच शब्द माझे. वावर, लेकरू, भाकर एका बाजूला आणि मळा, पोर, पऱ्या दुसऱ्या बाजूला. फळ्यावर दोन रकाने. न बोलणारी मुलगी चौथ्या दिवशी बोलली. बाईंनी ‘खळं’ हा शब्द चुकीच्या रकान्यात लिहिला म्हणून!

पण सगळंच असं गोड नव्हतं.

एका खोलीत चार इयत्ता

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे कोकणातल्या बहुतेक वाड्यांवरच्या शाळा द्विशिक्षकी. दोघांनी मिळून चार किंवा पाच इयत्ता सांभाळायच्या. डी.एड.ला पाठ घ्यायला शिकवतात तो एका इयत्तेचा, एका विषयाचा, पस्तीस-चाळीस मिनिटांचा. इथे पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचं, तेवढ्यात दुसरीला बेरीज, तिसरीचं वाचन ऐकायचं आणि चौथीचा भागाकार तपासायचा. आपण चार शेगड्यांवर चार भांडी ठेवतो ना, तसंच. फक्त इथली भांडी उतू गेली तर पोरांचं वर्ष जातं.

त्यात दुसरे शिक्षक, एक अनुभवी गुरुजी, सप्टेंबरात आजारपणाच्या लांब रजेवर गेले. सगळा कारभार हिच्या गळ्यात. पोषण आहाराची साठा नोंदवही, हजेरी, कॅशबुक, ऑनलाइन माहिती आणि ती भरायला मोबाइलला रेंज मिळेल अशी टेकडीवरची एक जागा. नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीचं काम. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. पण कायद्यातली ‘इतर कामं’ कोणती आणि रोजच्या व्यवहारातली कोणती, हे नव्या मुलीला कुठलं कळायला? ‘नाही’ म्हणायची तिची हिंमत होत नाही. तीन वर्षांची सेवा ‘समाधानकारक’ ठरायची असते ना!

आणि मग व्हायचं तेच झालं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका पालकाने सर्वांसमोर सुनावलं, ‘‘बाई पोरांना नुसतं खेळवतायत. शब्दांचे खेळ करून काय नोकऱ्या लागणार?’’ त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती बॅग भरूनच. राजीनामा लिहून तयार होता. घरूनही रोज फोन, स्थळं येतायत, मुलाकडचे विचारतात की बदली कधी होणार, कोकणात कुठे ठेवायचं मुलीला? सात-आठ वर्षं ज्या नोकरीची वाट पाहिली ती पाच महिन्यांत सोडायला निघालेली मुलगी समोर बसलेली. मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘जेव, झोप, आणि सोमवारपर्यंत तो कागद माझ्याकडे ठेव.’’

हात धरायला कुणीतरी हवं

तिला त्या सोमवारी सावरलं ते शेजारच्या वाडीवरच्या शाळेतल्या बाईंनी. पंचवीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला आलेल्या. मी त्यांना फोन केला आणि त्या शनिवारची शाळा सुटल्यावर चालत हिच्या शाळेत गेल्या. उपदेश नाही की भाषण नाही. आधी कॅशबुक समोर घेऊन अर्ध्या तासात ते कसं लिहायचं ते दाखवलं. मग चार इयत्तांचा एकत्र तक्ता करून दिला. परिसराचा विषय सगळ्यांना एकदम, मग तिसरी-चौथीला लिहायचं काम आणि त्या वेळात पहिली-दुसरीला वाचन. चौथीतल्या मोठ्या मुलीला पहिलीच्या दोघांजवळ बसवायचं. पुढे पाच-सहा शनिवार हे चाललं. दोघींनी एकमेकींचे वर्ग पाहिले. हिची मोबाइलवरून गोष्टी ऐकवण्याची रीत त्या बाईंनी उचलली आणि त्यांची आखणी हिने.

पालकांचं काय केलं? तेही बाईंनीच सुचवलं. पुढच्या बैठकीला बापांबरोबर आयांनाही बोलावलं. भाषण न करता मुलांना पुढे केलं. तिसरीतल्या मुलाने गडगा, पऱ्या, पाखाडी यांवर पाच-पाच ओळी सलग वाचून दाखवल्या. ‘नुसतं खेळवतात’ म्हणणाऱ्या पालकाचाच तो मुलगा. शिमग्याला पालखी वाडीत आली तेव्हा त्याच घरून बाईंना जेवायला बोलावणं आलं.

राजीनामा अजून माझ्या कपाटात आहे. ती मागत नाही, मीही देत नाही.

मैत्रिणींनो, ही काही नवी गोष्ट नाही. सावित्रीबाईंचं नाव आपण घेतो ते शेणगोळे झेलणारी एकटी बाई म्हणून. पण १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांनी शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिस मिचेल यांच्याकडे. जोतीराव पाठीशी होते, सगुणाबाई होत्या, पुढे फातिमा शेख बरोबरीने उभ्या राहिल्या. बोर्डीला १९४५ मध्ये अनुताई वाघ आल्या तेव्हा त्यांना हुजूरपागेतल्या शिकवण्याचा अनुभव होता, तरीही बालशिक्षणाचं काम त्या तारा­बाई मोडकांच्या शेजारी बसून शिकल्या. शिकवणं हे असं एकीने दुसरीच्या हातात द्यायचं काम आहे.

सरकारी व्यवस्थेतही आधाराची जागा आहे, नाही असं नाही. केंद्रप्रमुख आहेत, केंद्राची शिक्षण परिषद भरते, जिल्ह्याला ‘डाएट’ म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. २०१७ पासून ‘दीक्षा’वर धडे आणि प्रशिक्षणं मोबाइलवर मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण असावं असं म्हटलंय. पण केंद्रप्रमुखांकडे शाळा अनेक आणि कागद त्याहून अनेक. परिषदेत वेळ जातो माहिती गोळा करण्यात. मोबाइलवरचा धडा चांगला असतो, पण ‘माझ्या वर्गातलं हे पोर बोलत नाही, काय करू’ हे त्याला विचारता येत नाही. २०१५ च्या सुमारास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. व्याख्यान ऐकून जे पटलं नसतं ते वर्गात बसून पटलं. नव्या शिक्षिकेला पहिल्या वर्षी जवळच्या एखाद्या अनुभवी शिक्षिकेशी जोडून दिलं आणि महिन्यातून दोन दिवस तिच्या वर्गात बसायची मुभा दिली, तर त्याला असा कितीसा खर्च येणार?

खासगी शाळेतल्या मुली

जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला निदान उद्याची खात्री असते. आपल्या गावातल्या छोट्या खासगी शाळांत शिकवणाऱ्या मुलींची गोष्ट वेगळी. बी.एड. झालेली मुलगी सहा-सात हजारांवर काम करते, मे महिन्याचा पगार नाही, हातात नेमणूकपत्र नाही. ‘अनुभव तर मिळतोय’ म्हणून तीही गप्प आणि घरचेही गप्प.

अशा मुलींनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. एक, महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा कायदा आहे. मान्यताप्राप्त खासगी शाळेने कामावरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते. पण त्यासाठी आपण तिथे काम करत होतो याचा कागद लागतो. म्हणून नेमणूकपत्र मागून घ्यावं, निदान हजेरीच्या आणि पगाराच्या नोंदींच्या प्रती जपून ठेवाव्यात. दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण महत्त्वाची. नव्या, एकट्या राहणाऱ्या मुलीला कुणी नको तसा त्रास दिला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. शाळा त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. साधारण तीन महिन्यांच्या आत. ‘नोकरी नवी आहे, कशाला बोभाटा’ असं घरातल्या मोठ्या बाईने तरी म्हणू नये.

आपण काय करू शकतो?

शासन करील तेव्हा करील. पण नवी बाई राहते आपल्या गावात, आपल्या आळीत. सुरुवात खोलीपासून करू या. खोली बघायला आलेल्या मुलीला ‘तुम्ही कोण?’ असा जातीचा प्रश्न आजही विचारला जातो, आणि उत्तर ऐकून ‘खोली दिलेली आहे’ असं सांगितलं जातं. हे मी अनेकदा बघितलंय. तीच बाई सकाळी आपल्या पोराचा हात धरून त्याला ‘श्री’ गिरवायला शिकवणार असते. तेव्हा चालतं, मग खोलीत राहिली तर काय बिघडलं?

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. बऱ्याच ठिकाणी बायकांची नावं कागदावर आणि सह्या घरपोच. सभेला स्वतः जा. बाईंनी वर्गात काय केलं हे आधी विचारा, मग बोला. तक्रार असेल तर चारचौघांत सुनावण्याआधी एकदा वर्गात जाऊन बसा.

तिसरं, गावातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे तीस-तीस वर्षांचं ज्ञान आहे आणि वेळही. महिन्यातून एका रविवारी चार नव्या मुली आणि दोन निवृत्त बाई, एवढ्यांनी एकत्र बसायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या मंडळाच्या खोलीत गेल्या वर्षीपासून हे सुरू आहे. चहा आमचा, अडचणी त्यांच्या. कधी कॅशबुक, कधी न वाचणारं मूल, कधी नुसतंच रडणं. चालतं.

आणि बदली करून जाणाऱ्यांबद्दल थोडं. आमच्याकडे लोक चिडून म्हणतात, ‘बाहेरचे येतात, शिकतात आणि बदली घेऊन जातात. आमची पोरं वाऱ्यावर.’ इथल्या डी.एड. झालेल्या मुलामुलींचं गाऱ्हाणंही खरं आहे. गावातच शिक्षक घडूनही त्यांना घरी बसावं लागतं. पण त्याचा राग वाडीवर एकटी राहणाऱ्या मुलीवर काढून काय मिळणार? लग्न झालं, मूल झालं, आई-वडील म्हातारे झाले, तर तिला आपल्या जिल्ह्यात जावंसं वाटणारच. तिला इथे चार माणसं आपली वाटली तर ती दोन वर्षं जास्त राहील. अकरा मुलांच्या शाळेत दोन वर्षं म्हणजे एका मुलाचं वाचायला शिकणं.

आमच्या लातूरच्या बाईंची तिसऱ्या वर्षानंतर नियमित वेतनश्रेणी सुरू व्हायची आहे. बदलीचा अर्ज करायचा की नाही, ते त्यांचं अजून ठरलेलं नाही. लग्नाचंही नाही. अर्ज केला तर आम्ही अडवणार नाही. त्यांच्या जागी जी मुलगी येईल तिला पहिल्या दिवशी साकवापर्यंत सोबत कोण करणार, एवढं मात्र आम्ही आत्ताच ठरवून ठेवलंय. तुमच्या गावच्या शाळेत या वर्षी कुणी नवी बाई आली आहे का? उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा जरा विचारा. आणि रविवारी जेवायला बोलवा.